उभ्या गाडीचा विमा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्यासारख्या शाळामास्तराने बोलावे, असे आपल्या चिटणीसांच्या मनात आले आणि विषय निवडण्याची मोकळीकही त्यांनी मला दिली. माझ्याआधी या व्यासपीठावरून सयाजीरावमहाराजांची ग्रंथालये, बडोद्यातील मराठी रंगभूमी अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. त्यामुळे मी जेव्हा 'उभ्या गाडीचा विमा' असा विषय कळविला, तेव्हा चिटणीसांनी मुद्दाम फोन करून विचारले, "मास्तर, काही चुकून तर लिहिले नाही ना?" मी म्हटले, "लिहिले ते चुकून नव्हे. पण चूक मात्र माझ्या हातून झाली आहे आणि तीच सांगायची आहे."

माझे आजोबा बडोदे संस्थानच्या बग्गीखान्यात चाकरीस होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले, बग्ग्या गेल्या, पण आजोबांच्या गोष्टी घरात राहिल्या. अब्बा त्या आम्हांला सांगत. आजोबांचे म्हणणे असे होते, की चालत्या बग्गीला एक डोळा पुरतो, उभ्या बग्गीला दोन लागतात. चालत्या बग्गीचे काय दुखते खुपते ते चालविणाऱ्याला लगेच कळते. उभ्या बग्गीच्या चामड्याला चिरा पडतात, लाकडाला वाळवी लागते, आणि हे कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण सगळे समजून चालतात की ती सुखरूप उभी आहे. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली होती. तरीही वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी ती विसरलो.

माझा धाकटा भाऊ मस्कतला नोकरीस असतो. येथे त्याची एक मोटार आहे, नव्हे, होती. तो वर्षातून एकदा महिनाभर येई तेवढीच ती चाले. बाकीचे अकरा महिने ती आमच्या इमारतीच्या तळघरात कापडी खोळ घालून उभी असे. पंधरा दिवसांतून एकदा ती सुरू करणे आणि दरवर्षी मार्चमध्ये तिचा विमा भरणे, ही दोन कामे माझ्याकडे होती. पैसे तो पाठवीत असे. २०२४ च्या मार्चमध्ये विम्याची मुदत संपत आली, तेव्हा मी हिशेब केला. हप्ता होता साडेआठ हजारांचा. भाऊ त्या वर्षी येणार नव्हता. मी त्याला फोनवर म्हटले, "अरे, गाडी जागची हलणार नाही, अपघात होणार कोठून? येशील तेव्हा भरू." तो म्हणाला, "भाई, तुम्ही म्हणाल तसे." मी गणित शिकवितो. साडेआठ हजार वाचविल्याचा मला आनंदच झाला होता.

त्यानंतर आला ऑगस्ट. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात काय झाले ते आपणांपैकी कोणालाही सांगण्याची गरज नाही. पावागडच्या पायथ्याकडून पाणी येतच होते आणि शहरावरही पाऊस थांबत नव्हता. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फुटांची आहे, ती ओलांडून नदी ३७ फुटांच्या आसपास गेली. फतेगंज, समा, अकोटा या भागांत घराघरांत पाणी शिरले. आमच्या तळघरात तर ते आधी शिरले, कारण पाण्याला खोल जागाच पहिली सापडते. दोन दिवस ती मोटार छतापर्यंत पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर खोळ काढली, तेव्हा आत गाळाचा थर बसलेला होता. कारागिराने एक लाख पंच्याऐंशी हजारांचा खर्च सांगितला. अखेर ती मोटार चाळीस हजारांना भंगारात गेली. साडेआठ हजार वाचविणाऱ्याने सुमारे तीन लाखांची वस्तू घालविली, आणि तीही स्वतःची नव्हे. भाऊ एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते.

त्यानंतर मी विम्याची कागदपत्रे वाचू लागलो. हे आधी करावयास हवे होते. जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट ही, की ज्याला आपण 'गाडीचा विमा' म्हणतो त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाला इजा झाली, मृत्यू आला किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई त्यातून होते. हा विमा आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. आज तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाखाली येतो. त्यावाचून सार्वजनिक जागी गाडी वापरल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसरी वस्तू म्हणजे ओन डॅमेज, आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. तो कायद्याने सक्तीचा नाही. आग, स्फोट, वीज, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड कोसळणे, कोणी द्वेषाने केलेली नासधूस आणि अर्थात अपघात, हे सारे त्यात येते.

आता ही यादी पुन्हा एकदा मनाशी म्हणून पाहा. यांतल्या कितींसाठी गाडी चालत असावी लागते? अपघात सोडला, तर बहुतेक संकटे उभ्या गाडीवरच येतात. चोर चालती गाडी क्वचितच नेतो. पूर चालत्या गाडीला गाठतो त्याहून अधिक वेळा उभ्या गाडीला गाठतो. झाड पडते ते त्याखाली उभ्या केलेल्या गाडीवर. म्हणजे 'गाडी उभी आहे, विमा कशाला?' हा माझा प्रश्नच उलटा होता. गाडी उभी राहिली म्हणजे संकट टळत नाही, ते फक्त रूप बदलते. आणि त्या बदललेल्या रूपाला जो विमा लागतो, तो नेमका सक्तीचा नसलेला, म्हणजे आपण सहज सोडून देतो तोच.

येथेच दुसरी एक फसगत आहे, आणि ती दुचाकीवाल्यांची विशेष आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा विकत घेतानाच भरावा लागतो. हे चांगलेच झाले. परंतु दुकानदार "पाच वर्षांचा विमा झाला" असे म्हणतो आणि आपण पाच वर्षे निश्चिंत होतो. पुष्कळदा ओन डॅमेजचा भाग त्यात एकच वर्षाचा असतो. माझ्या शाळेतील एका सहकारी बाईंनी २०२१ मध्ये स्कूटर घेतली. २०२३ मध्ये ती स्टेशनाबाहेरून चोरीस गेली. बाई पॉलिसी घेऊन आल्या, तिच्यावर २०२६ सालची तारीख ठळक छापलेली होती. ती तारीख थर्ड पार्टीची होती. चोरीचे कलम एक वर्ष आधीच संपले होते. त्यांना एक रुपया मिळाला नाही. आज घरी गेल्यावर आपली पॉलिसी काढा आणि तिच्यावर दोन तारखा आहेत का ते पाहा. असल्या, तर आधीची तारीख हीच आपली खरी तारीख समजा. केवळ ओन डॅमेजचा वेगळा विमा १ सप्टेंबर २०१९ पासून मिळतो, तेव्हा उपाय हाताशी आहे.

कोणी म्हणेल, स्वतःच्या नुकसानीचे राहू द्या, पण उभी गाडी दुसऱ्याचे काय बिघडविणार? त्यासाठी सातारा जिल्ह्यातील एक घटना सांगतो. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर आणि मालट्रक यांची धडक झाली. टँकर रस्त्याच्या कडेला आडवा पडून राहिला आणि त्यातून पेट्रोल झिरपू लागले. माणसे जमली. चार तासांनी, सकाळी सातनंतर स्फोट झाला, कित्येक भाजले आणि काही दगावले. भरपाईच्या वेळी प्रश्न उभा राहिला, की चार तास निपचित पडलेला टँकर 'वापरात' होता असे कसे म्हणावे? १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की 'वापर' या शब्दाचा अर्थ व्यापक आहे, आणि गाडी बंद पडून किंवा अपघाताने उभी असली तरी ती वापराबाहेर गेली असे नाही. मृतांच्या वारसांना भरपाई मिळाली. म्हणून रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचा थर्ड पार्टी विमाही संपू देणे शहाणपणाचे नव्हे. जी गाडी आपण आज हलविणार नाही, ती उद्या कोणाच्या तरी आजारपणात हलवावीच लागते, आणि त्या घाईत विम्याची तारीख कोणी पाहात नाही.

विमा खंडित होऊ देण्यात आणखी एक तोटा आहे. भरपाई न मागितलेल्या प्रत्येक वर्षाबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. विमा संपल्यानंतर ९० दिवसांत नवा केला नाही, तर ही सारी कमाई शून्यावर येते. शिवाय मध्ये खंड पडला, की कंपनी आधी गाडीची तपासणी करते आणि मगच विमा उतरविते. माझ्या भावाची सूट ४५ टक्क्यांवर आली होती. पूर आला नसता तरी मी केलेली बचत पुढच्या हप्त्यांत बरीचशी निघून गेली असती, हे गणिताच्या मास्तराला सुचले नाही.

मग वर्षभर उभ्या गाडीचा पूर्ण हप्ता भरावा का? हा प्रश्न न्याय्य आहे, आणि विम्याचे नियम करणाऱ्यांनीही त्याचा विचार केलेला आहे. २००२ च्या मोटार विम्याच्या दरपत्रकात गराजमध्ये बंद ठेवलेल्या गाडीसाठी एक कलम आहे. गाडी अमुक काळ वापरात नाही, असे कंपनीला कळविल्यास त्या काळापुरती अपघाताची आणि इतर जबाबदारी स्थगित होते, पण आग, चोरी, दंगल, वादळ, पूर, भूकंप यांचे संरक्षण चालू राहते. त्याबदल्यात कंपनी पुढील हप्त्यातून काही रक्कम वजा करते किंवा विम्याची मुदत वाढवून देते. मला नेमके हेच हवे होते! पण हे आपण मागितल्याशिवाय कोणी आपल्या हातावर ठेवीत नाही. तेव्हा आपल्या कंपनीला लेखी विचारावे, आणि उत्तरही लेखीच घ्यावे. मात्र एक ध्यानात असू द्या. अशा काळात 'जरा कोपऱ्यापर्यंत' म्हणूनही गाडी बाहेर काढू नये, कारण त्या कोपऱ्यापर्यंत आपण विनाविम्याचे असतो. याशिवाय २०२२ च्या जुलैपासून, गाडी जितकी चालते त्या मानाने हप्ता ठरविणारी जोडकलमेही कंपन्यांना देता येतात. थोडी चालणाऱ्या गाडीला तीही सोयीची आहेत.

आता संकट आल्यावर काय करावे ते थोडक्यात सांगतो.

पुराच्या पाण्यात उभी असलेली गाडी पाणी ओसरल्यावर सुरू करून पाहू नये. हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांकडून दहा वेळा लिहवून घेतो, आपणांस फक्त विनंती करतो. इंजिनाच्या नळकांड्यांत हवेऐवजी पाणी शिरलेले असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, आणि किल्ली फिरविताच आतला दांडा वाकतो. आमच्याच इमारतीतील एका शेजाऱ्यांचा पूर्ण विमा होता. त्यांनी उत्सुकतेपोटी एकदा किल्ली फिरविली. कंपनीने गाद्या, तारा, साफसफाई यांचे पैसे दिले, इंजिनाचे दिले नाहीत. हे नुकसान पुराने नव्हे, गाडी सुरू केल्याने झाले, असे तिचे म्हणणे. इंजिन प्रोटेक्शन नावाचे वेगळे जोडकलम असते, ते घेतले असते तर हा वाद झाला नसता. नदीकाठच्या शहरात राहणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे. पाणी उतरल्यावर बॅटरीची तार सोडवावी, गाडी जशी आहे तशी तिची छायाचित्रे घ्यावीत, कंपनीला कळवावे आणि गाडी ओढून न्यावी.

चोरी झाली, तर आधी पोलिसात फिर्याद नोंदवावी, मग लगेच कंपनीला आणि आर.टी.ओ. कचेरीला कळवावे. फिर्याद वेळेवर असेल, तर कंपनीला कळविण्यास उशीर झाला एवढ्याच कारणावरून खरा दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. तरी आपण उशीर करू नये. कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. त्या कोठे आहेत हे आज पाहून ठेवावे. आणि चोरीत किंवा गाडी पूर्ण निकामी झाल्यास, पॉलिसीवर जी जाहीर किंमत लिहिलेली असते तिच्या आधारेच भरपाई ठरते. हप्ता कमी यावा म्हणून ती किंमत कमी लिहवून घेणारा मनुष्य स्वतःलाच लुबाडतो.

आता दोन शब्द आपल्या ट्रस्टविषयी. या सभागृहाच्या आवारात लग्नमुंजीच्या दिवशी वाहनांची दाटी होते. फाटकावर 'वाहने आपापल्या जबाबदारीवर उभी करावीत' अशी पाटी आहे. दिल्लीच्या एका नामांकित हॉटेलात १९९८ मध्ये एका पाहुण्याने आपल्या मोटारीची किल्ली नोकराकडे दिली. तो परत येईतो दुसराच कोणी ती मोटार घेऊन गेला होता. पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असे छापलेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१९ मध्ये निकाल लागला, की किल्ली व गाडी ताब्यात घेतल्यावर ती सांभाळून परत करणे हे हॉटेलचे कर्तव्य होते. त्यात निष्काळजीपणा झाला, तर केवळ छापील ओळीने जबाबदारी टळत नाही. आपले स्वयंसेवक मोठ्या उत्साहाने पाहुण्यांच्या किल्ल्या घेऊन गाड्या लावून देतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण किल्ली घ्यायची, तर पावती, पहारा आणि किल्ल्यांचे कुलूपबंद कपाट ही तिन्ही हवीत. ती नसतील, तर किल्ली पाहुण्यांच्याच खिशात राहू द्यावी.

दुसरी गोष्ट आपल्या रुग्णवाहिकेची. ती देणग्यांतून आली आहे. तिच्या टाकीत कोणी निवृत्तिवेतनातून घातलेले पेट्रोल आहे. ती महिन्यातले बरेच दिवस मागच्या शेडमध्ये उभी असते. तिच्या विम्याची तारीख, तिची जाहीर किंमत आणि तिच्यावर पुराचे संरक्षण आहे की नाही, या तीन गोष्टी दरवर्षीच्या सर्वसाधारण सभेत हिशेबाबरोबर वाचून दाखवाव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे. आणि पावसाळाभर ती उंच जागी उभी करावी. विमा पैसे देतो. पण ज्या रात्री गाडी हवी असते, त्या रात्री तो गाडी देत नाही.

विमा काढणे म्हणजे दैवावर अविश्वास, असे मानणारी भली माणसे सर्वच धर्मांत आहेत. अब्बांचाही थोडा तसाच कल होता. पण उंटाची गोष्टही त्यांनीच मला सांगितली होती. एका अरबाने पैगंबरसाहेबांना विचारले, की उंट मोकळा सोडून देवावर भरवसा ठेवू, की बांधून ठेवू? आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, असे उत्तर त्याला मिळाले. मी भावाचा उंट बांधला नाही, आणि तो वाहून गेल्यावर पुराला बोल लावीत बसलो.

दसऱ्याला आपण सारे गाड्या धुऊन, पुसून त्यांना झेंडूची माळ घालतो. आमच्या शेजारच्या काकू माझ्याही स्कूटरला न विसरता घालतात. गेल्या दसऱ्यापासून मी एक नवा रिवाज सुरू केला आहे. काकू माळ घालीत असतात, तेव्हा मी पॉलिसी बाहेर काढून तिच्यावरच्या दोन्ही तारखा मोठ्याने वाचतो. आता काकूही स्वतःच्या मुलाच्या मोटारसायकलीची पॉलिसी आणून माझ्या हाती देतात आणि म्हणतात, "मास्तर, एवढी वाचून दाखवा." पहिल्याच वर्षी तिच्यावरची एक तारीख संपलेली निघाली.

भावाला मी या भाषणाचा मसुदा पाठविला होता. त्याने कळविले, "भाई, माझे नाव घालू नका, पण गोष्ट जरूर सांगा." मी ती सांगितली. पुढच्या वर्षी तो येणार आहे, आणि जुनीच एखादी मोटार घेण्याचा त्याचा विचार आहे. ती पुन्हा माझ्याच ताब्यात ठेवणार असल्याचे त्याने लिहिले आहे.